ड्रॅगनच्या दारातली कोंबडी

धाकट्या जावयाने सासऱ्यांच्या संगणकावर ‘होय’ दाबले, आणि बोट उचलायच्या आत त्याच्या लक्षात आले की इथे ‘नाही’ दाबायला हवे होते.

पडद्यावर एक सराई होती. सराईत एक खाट होती. खाटेवर त्याचा नायक बूट न काढता गाढ झोपला होता, एक कोंबडी खाटेभोवती फिरत होती, आणि खाली सोनेरी अक्षरे उमटली होती: ‘तुमची गोष्ट जतन झाली. आधीची गोष्ट पुसली गेली. गोड स्वप्ने पडोत.’

आधीची गोष्ट सासऱ्यांची होती.

सासरे पलीकडच्या खोलीत झोपले होते. सकाळीच त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. एका डोळ्यावर पट्टी होती, आणि दुसऱ्याने मुळातच सगळे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसे. घोरणे संथ लयीत चालले होते. ते थांबले की आपले काही खरे नाही, हे जावयाला स्पष्ट दिसत होते.

उपकरण सुरू करण्यापूर्वी वाचा

सासरे नोकरीभर रेल्वे स्थानकावर निवेदक होते. ‘गाडी उशिरा येत आहे’ हे वाक्य त्यांनी इतक्या भारदस्त आवाजात आणि इतक्या वेळा म्हटले होते, की घरात ते नुसते ‘जेवायला येतो’ म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटे, आता तासभर थांबावे लागणार. दुसऱ्याने लिहून दिलेले वाचायचे, पदरचा एक शब्द घालायचा नाही, अशी ती नोकरी. निवृत्त झाल्यावर कुणीतरी त्यांना हा खेळ दिला. तलवारी, जादू, बुटके, चेटकिणी असलेला, जुनापुराणा. माणसे ठिपक्यांची आणि संवाद ढीगभर. संवाद सगळे इंग्रजीत. सासरे रोज संध्याकाळी पाच वाजता पडद्यासमोर बसत आणि ते आपल्या भाषेत करून मोठ्याने सांगत. सासूबाई मागच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकत. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. डोळे मिटले की नीट ऐकू येते, असे त्यांचे मत होते.

ही गोष्ट बारा वर्षे चालली होती.

खेळ इतका जुना की गोष्ट जतन करायला त्यात जागा एकच होती. आणि जतन व्हायची तर नायकाने सराईत जाऊन झोपावे लागे. खेळ बनवणाऱ्यांना यात काहीतरी गंमत वाटली असावी.

थोरल्या जावयाची हकिकत सगळ्या घराला पाठ होती. थोरला जावई दातांचा डॉक्टर. पाच वर्षांपूर्वी तो चहाचा कप घेऊन त्या खोलीत शिरला, पाय तारेत अडकला, संगणक बंद पडला. तार परत लावली, संगणक सुरू झाला, गोष्ट जिथल्या तिथे सुखरूप होती. तरी त्या दिवसापासून सासऱ्यांनी त्या जावयाला आपले तोंड दाखवले नव्हते, म्हणजे उघडून. दाढ ठणकली तर ते शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या डॉक्टरकडे जात.

आणि धाकट्याचे म्हणाल, तर त्याच्याशी सासऱ्यांचे भांडण नव्हते, आणि काहीच नव्हते. लग्नाला चार वर्षे झाली तरी ते त्याला ‘जावईबापू, तुम्ही’ म्हणत. शेजारच्या कुत्र्याला ते ‘अरे’ म्हणत. जावयाला त्या कुत्र्याचा हेवा वाटे. आपल्यालाही या घरात कुणीतरी ‘अरे’ म्हणावे, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती आता त्या खाटेवर आडवी झाली होती.

खरे तर तो जपूनच वागला होता. डॉक्टरांनी आठ दिवस पडद्याकडे बघायला मनाई केली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “म्हणजे आठ दिवस मी ड्रॅगनच्या दारातच उभी राहू? ते काही नाही. जावईबापू वाचून दाखवतील.” बायको कामानिमित्त परगावी होती. तिने फोनवर बजावले होते, “घरात काय वाट्टेल ते फोड. बाबांच्या गोष्टीला हात लावू नकोस.” म्हणून त्याने सासऱ्यांची गोष्ट उघडलीच नाही. सराव म्हणून वेगळा, नवा खेळ सुरू केला. नायकाचे नाव विचारले, तर त्याने ‘नमुना’ असे टाकले.

नमुना गावात हिंडला. लोकांच्या घरात बेधडक शिरला. घरमालकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या कपाटातून मोजे, मेणबत्त्या आणि अर्धा पाव काढून घेतला. मालक म्हणाला, ‘आज हवा छान आहे, नाही?’ सराईवाला म्हणाला, ‘ये, वीरा. तुझी वाट पाहत नव्हतो, पण आलासच तर पाय पुस.’ मग म्हणाला, ‘तळघरात उंदीर झालेत. जगाचा उद्धार नंतर कर, आधी ते बघ.’ नमुना दमला होता. समोर खाट दिसली. ‘झोपायचे?’ असे विचारत एक लांबलचक इशारा आला.

तो इशारा जावयाने वाचला नाही.

इथे सांगायला हवे, की हा गृहस्थ पोटासाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत असे. कपडे धुण्याची यंत्रे, पंखे, इस्त्र्या. ‘इशारा: पुढे जाण्यापूर्वी खालील मजकूर काळजीपूर्वक वाचा’ हे वाक्य त्याच्या हातून हजारदा लिहून झाले होते. ते कुणी वाचत नाही, हे त्याच्या काळजातले जुने दुखणे होते.

बिघाड व उपाय

त्याने थोरल्या जावयाला फोन लावला.

“दादा, एक घोटाळा झालाय.”

“कुठली दाढ?”

“दाढ नाही. बाबांचा खेळ.”

पलीकडे दात कोरणारे यंत्र गरगरत होते, ते थांबले.

“तार?” थोरल्याने विचारले.

“तार नाही. पुसला. सगळाच.”

“मेलास! अरे, माझ्या हातून तर काहीच बिघडलं नव्हतं, तरी मला वाळीत टाकलं. तू घर बदल. गावच बदल.”

“मला गोष्ट परत तिथपर्यंत न्यायचीये. तुम्ही त्या दिवशी पडद्यावर काय पाहिलंत, तेवढं सांगा ना.”

“कोंबडी.”

“काय?”

“कोंबडी फिरत होती एक. तोंड उघडं ठेवा, बोलू नका!”

“मी?”

“तू नाही रे, पेशंट. कोंबडी पाहिली मी, आणि बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कप तिथेच ठेवून निघालो. बरं, शुभेच्छा हं.”

ड्रॅगनच्या दारात कोंबडी? पण थोरल्याला बारकाव्यांची दृष्टी फक्त तोंडाच्या आतली आहे, असे मनाशी म्हणून धाकट्याने तो विषय सोडला. बारा वर्षांचा प्रवास पाच वाजेपर्यंत करून टाकणे शक्य नव्हते. मग त्याला एक युक्ती सुचली. सासऱ्यांना आठ दिवस दिसणार नव्हते. सासूबाई ऐकणाऱ्या, त्यांना त्या इंग्रजी मजकुराचे काय कळणार? पडद्यावर काही का असेना. फक्त बोलायचे होते.

अडचण एवढीच होती, की त्याने उभ्या आयुष्यात एकही गोष्ट सांगितली नव्हती. विनोद तर नाहीच नाही. त्याने सांगितलेल्या एकमेव विनोदावर ऑफिसातल्या साहेबांनी विचारले होते, “मग पुढे त्याने तक्रार नोंदवली का?”

तो स्वयंपाकघरात गेला. सासूबाई मटार सोलत होत्या.

“आई, कालपर्यंत कुठे आली होती हो गोष्ट? म्हणजे, वाचताना तुटक वाटायला नको.”

“दारात,” सासूबाई म्हणाल्या. “ड्रॅगनच्या. सहा महिने झाले. बुटका रुसून दाराला टेकून बसलाय, कारण कवटी त्याच्या दाढीवरून बोलली.”

“कवटी?”

“काठीवर असते. बोलते. प्रत्येक दाराशी एक तरी टोमणा मारल्याशिवाय आत जात नाही. चेटकीणबाई भांडणात पडत नाहीत, नुसत्या सुस्कारे टाकतात. आणि आत ड्रॅगन कण्हतोय. त्याला झोप येत नाही. का येत नाही, ते ह्यांनी अजून सांगितलं नाही.” एक शेंग फोडून त्या म्हणाल्या, “आणि कोंबडी.”

जावयाने दचकून पाहिले. “कोंबडी आहे?”

“बुटक्याच्या काखेत. पहिल्यापासून. वाळवंटात, समुद्रात, बर्फात, सगळीकडे तिची पकपक चालूच. आणि मागे एक धून सारखी वाजते, ती कवटीची शीळ.” त्यांनी वाटी त्याच्याकडे सरकवली. “हात रिकामेच आहेत, तर सोला. आज आत जायचं बरं का, जावईबापू. आज मला त्या ड्रॅगनचं दुखणं कळलंच पाहिजे.”

पलीकडच्या खोलीतले घोरणे थांबले.

वापर

पाच वाजता सासऱ्यांना हाताला धरून खुर्चीत बसवले. पट्टीवर काळा चष्मा होता. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

“आज राहू दे,” सासरे म्हणाले. “डोकं जड आहे.”

जावयाचा जीव भांड्यात पडला. “हो, खरंच! आज विश्रांतीच हवी. उद्या बघू, परवा बघू.”

“डोक्याने कुठे ऐकायचंय?” सासूबाई म्हणाल्या. “कानांना काय झालंय तुमच्या?”

“अगं, जावईबापूंना त्रास कशाला?”

“त्यांना हौस आहे. दुपारपासून दहादा विचारून गेलेत.”

सासऱ्यांची मान जावयाच्या दिशेला वळली. “दुपारपासून? काय... उघडून पाहिलात की काय खेळ?”

“छे! म्हणजे हात सुद्धा नाही लावला.”

“लावा आता,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

जावयाने खेळ सुरू केला. ‘पुढे चालू’ दाबले. सराई उजळली. नमुना खाटेवरून उठला. हातात लाकडी डाव, अंगात दुसऱ्याचे मोजे. मागे धून सुरू झाली. कोंबडी म्हणाली, पक्.

सासऱ्यांचे हात दांड्यांवर इतके घट्ट आवळले गेले की बोटांची पेरे पांढरी पडली.

“काय दिसतंय?” त्यांनी विचारले. गाडी रद्द झाल्याची सूचना देताना त्यांचा आवाज असा होत असणार.

खेळात अशा वेळी तीन पर्याय येतात आणि कितीही वेळ विचार करता येतो. जावयालाही ते दिसले:

‘बाबा, मी तुमची बारा वर्षे पुसून टाकली.’

पायाने तार ओढून थोरल्याला जाऊन मिळणे.

ड्रॅगन.

विचाराला मात्र वेळ नव्हता.

“समोर ड्रॅगनचे दार आहे,” जावई म्हणाला.

सासऱ्यांची मान हळूहळू वळली, अगदी जुन्या पंख्यासारखी.

“दार?”

“हो.”

“ड्रॅगनचं?”

“ड्रॅगनचंच. स्पष्ट दिसतंय.”

चष्म्याआडचा चेहरा वाचता येईना. यांना संशय आला, जावयाला वाटले. आता बोलत राहण्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि घाबरला की त्याला एकच भाषा येत असे.

“दार उघडण्यापूर्वी ते सपाट पृष्ठभागावर असल्याची खात्री करावी,” तो म्हणाला. “बुटका दारापासून दूर करावा. कवटी ओल्या हातांनी हाताळू नये.”

सासूबाईंनी एक डोळा उघडला. “हा ड्रॅगन आहे की कपडे धुण्याचं यंत्र?”

“ते... कवटी म्हणतेय तसं. टोमणा.”

“हं,” असे म्हणून तो डोळा मिटला. “बुटका काय म्हणतो?”

बुटका काय म्हणतो, हे जावयाला माहीत नव्हते. वेळ काढायला त्याने एक कळ दाबली. कुठली ते पाहिले नाही. नमुना तरातरा निघाला आणि तळघराच्या जिन्यावरून खाली उतरला. अंधारातून चूं चूं आवाज आला. सासऱ्यांनी श्वास रोखून धरला.

“उंदीर?” सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. “ड्रॅगनकडे?”

“नाही, नाही! बिजागऱ्या. दाराच्या. वंगण नाही.”

त्याने घाईघाईने नमुन्याला परत फिरवायचा प्रयत्न केला. नमुना भिंतीला आपटला. पडद्यावर तीन उंदीर पुढे आले. नमुन्याने डाव उगारला. पहिल्या उंदराने पोटरी धरली, दुसऱ्याने मोजा. मग एक शिंग वाजले, लांबलचक, उतरत्या सुरात, अगदी कुणाला पोचवून आल्यासारखे. पडद्यावर अक्षरे आली: ‘उंदरांनी तुम्हांला हरवले. गावात कुणी रडले नाही. सराईवाल्याने खोली दुसऱ्याला दिली.’

सासरे खुर्चीत अर्धवट उठले आणि परत बसले.

सासूबाईंनी दोन्ही डोळे उघडले. “हे शिंग कसलं? हे तर मी कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. कोण मेलं?”

जावयाने उगाच दोनतीन कळा दाबून पाहिल्या.

“मी विचारतेय, कोण मेलं? बुटका? अहो, तुम्ही तरी सांगा! बुटका मेला का?”

सासरे घशातल्या घशात काहीतरी म्हणाले. त्यांचा आवाज, ज्याने चार चार फलाटांना गप्प केले होते, फुटेना. बारा वर्षांची माणसे आता आपल्या हातून मरणार, हे जावयाला कळले. आणि त्या क्षणी त्याला कोण जाणे कुठून राग आला. न वाचलेल्या सगळ्या पुस्तिकांचा, स्वतःच्या बोटाचा, त्या शिंगाचा.

“कुणी मेलं नाही,” तो म्हणाला. “ती घंटा होती.”

“घंटा?”

“दाराची. ड्रॅगनच्या. बुटका सहा महिने तिलाच टेकून बसला होता. आता रागाने जरा जोरात टेकला, आणि वाजली.”

सासूबाई पुढे झुकल्या. “मग?”

“मग दार उघडलं. ड्रॅगन समोर उभा. डोळे लाल, झोप नाही. म्हणाला, ‘सहा महिने दारात भांडताय. घंटा का नाही वाजवलीत? पाटी लावलीये.’ आणि खरंच, दारावर पाटी होती. तळाशी, बारीक अक्षरात. ‘आत येण्यापूर्वी घंटा वाजवावी. तलवारी बाहेर ठेवाव्यात. ड्रॅगन माणसे खात नाही.’ त्याने स्वतः लिहिलेली. रात्र रात्र जागून, एकेक शब्द तोलून. शेकडो वीर आले. सगळ्यांनी दार फोडलं, एकानेही पाटी वाचली नाही. म्हणून त्याला झोप येत नाही, आई. माणूस... म्हणजे ड्रॅगन... इतकं नीट लिहितो, आणि कुणी वाचतच नाही!”

त्याचा आवाज शेवटी चिरकला. कोंबडी नव्हती, धून नव्हती. मेलेल्या नमुन्याच्या पडद्यावर शांतता होती.

“आणि कवटी?” सासूबाईंनी हळूच विचारले. “कवटी काही बोलली असेलच.”

दारावर तिचा टोमणा ठरलेला. जावयाने डोळे मिटले.

“कवटी म्हणाली, ‘मी पहिल्याच दिवशी वाचली होती. मला डोळे नाहीत म्हणून कुणी विचारलंच नाही.’”

पहिल्यांदा काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. मग तो वाढला. सासरे हसत होते. चष्मा नाकावरून घसरला, पट्टी सरकली. “अहो, डोळ्याला ताण पडेल!” असे सासूबाई ओरडल्या, आणि स्वतःच पदराने डोळे पुसू लागल्या.

“बुटका,” सासरे धापा टाकत म्हणाले, आणि त्यांचा जुना आवाज परत आला, “बुटका म्हणतो, ‘मला घंटा वाटलीच होती, पण पाठीला बरं वाटत होतं!’”

“चेटकीणबाई सुस्कारा टाकतात,” जावई म्हणाला.

“आणि ड्रॅगन म्हणतो, ‘बाई, तुम्हाला तरी वाचता येत होतं ना?’”

“येत होतं. पण त्या भांडणात पडत नाहीत!”

पुढे तासभर दोघेही बोलत होते, एकमेकांच्या तोंडातले वाक्य ओढून घेत. पडद्याकडे कुणी पाहत नव्हते. शेवटी ड्रॅगनला झोप लागली. बुटक्याने त्याला त्याची पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली तेव्हा.

सुरक्षिततेची सूचना

सासूबाई चहा करायला उठल्या. पावले स्वयंपाकघरात पोचल्याची खात्री होताच सासऱ्यांनी अंदाजाने हात पुढे केला आणि जावयाचे मनगट पकडले.

“पाहिलंत ना?”

जावयाने मनगट सोडवायचा प्रयत्न केला. “काय?”

“सराई. कोंबडी. तेच होतं ना पडद्यावर?”

आता संपले. “हो,” जावई पुटपुटला. “बाबा, मी तुम्हाला सांगणारच—”

“हळू बोला! हिला ऐकू जाईल.” सासऱ्यांनी त्याला जवळ ओढले. “बारा वर्षं तिथेच आहे मी. त्या उंदरांच्या पुढे कधी गेलोच नाही. कितीदा मेलो, मोजदाद नाही. पहिल्या दिवशी ही मागे येऊन बसली आणि म्हणाली, पुढे काय झालं? आता हिला काय सांगणार, उंदराने खाल्लं? म्हणून एक बुटका आणला. मग कवटी. मग थांबताच येईना.”

जावयाने पडद्यावरच्या मेलेल्या नमुन्याकडे पाहिले.

“थोरल्याने तारेत पाय घातला त्याचं मला काही नव्हतं. पण त्याने पडद्यावर पाहिलं. घरभर बोलला असता. तेव्हापासून त्याच्यासमोर तोंड उघडायची हिंमत नाही.” मनगटावरची पकड घट्ट झाली. “आज तुम्ही ‘पुढे चालू’ दाबलंत, तेव्हा वाटलं, संपलो. हिच्यासमोर उंदीर वाचून दाखवणार. आणि तुम्ही म्हणालात, ड्रॅगनचं दार. सगळं दिसत असून! माझी लाज राखलीत हो. राखलीस.” ते जरा थांबले. “राखलीस रे.”

जावयाला पुन्हा तीन पर्याय दिसले. तिन्हींवर ‘गप्प राहा’ असे लिहिलेले होते.

“चहा बघतो,” असे म्हणून तो उठला. दारापर्यंत जाईतो तो तरंगत होता. दारात पोचल्यावर खाली आला. आठ दिवसांनी पट्टी निघेल. सासरे खेळ उघडतील. सराई तीच, कोंबडी तीच; पण खाटेवर त्यांचा बारा वर्षांचा नायक नसेल. तिथे डाव घेतलेला, चोरीचे मोजे घातलेला ‘नमुना’ उठून बसेल. आणि आजचा हा ‘रे’...

स्वयंपाकघरात सासूबाई कपांत चहा ओतत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, “नाव काय ठेवलंत?”

“कुणाचं?”

“तुमच्या नवीन माणसाचं. दुपारी झोपवलात तो.”

जावयाने दाराची चौकट धरली. “नमुना,” तो म्हणाला.

“शोभतं.” त्यांनी त्याच्यापुढे एक कप सरकवला. “आता ऐका. हे रोज सकाळी फिरायला गेल्याशिवाय राहायचे नाहीत, काठी घेऊन शेजारच्यांबरोबर का होईना. ते बाहेर पडले की नवा खेळ सुरू करा. नाव टाका, ‘ऑपरेटर’.”

“ऑपरेटर?”

“ह्यांचा नायक. माझ्या नोकरीवरनं आहे. मला वाटतं, त्यांना वाटतं मला ठाऊक नाही.” त्या किंचित हसल्या. “सैनिक घ्या, जादूगार नको. लाल टोपी. दाढी नको. कुणाच्या कपाटात हात घालू नका, हे घालत नाहीत, त्यांना बरं वाटत नाही ते. सरळ सराईत जा आणि झोपा. इशारा आला की ‘होय’ म्हणा.”

“आई, पण ते सगळं इंग्रजीत... तुम्हाला कसं...”

“परदेशचे फोन जोडायचे मी. ते काय खुणांनी?”

“म्हणजे बारा वर्षं तुम्ही पडद्यावरचं वाचताय? उंदीर, सराई, सगळं?”

“डोळे काय कायमचे मिटलेले असतात माझे?”

“मग कधी बोलला कशा नाहीत?”

“मला कुणी विचारलंच नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आणि बोलले असते, तर तो ड्रॅगन मला कुठे भेटला असता?”

जावयाने चहाचा एक घोट घेतला. काहीतरी जुळत नव्हते. “पण टोपी लाल, दाढी नाही, सैनिक... एवढं सगळं नेमकं तुमच्या लक्षात कसं राहिलं?”

सासूबाईंनी ट्रे उचलला, दाराकडे पाहून घेतले आणि आवाज खाली आणला.

“मागे मीही एकदा तिथेच झोपले होते.”

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून तो आवाज आला. चार फलाटांना पुरून उरणारा, प्रत्येक शब्दावर सावकाश थांबणारा.

“ड्रॅगनकडे जाणाऱ्या मंडळींनी कृपया लक्ष द्यावे. चहा उशिरा येत आहे.” आणि मग, पदरचे घातलेले, “अरे, कुठे मेलास? ये की लवकर!”